महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि मधल्या स्थानकांचे प्रवासी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेसचा विषय निघाला की बहुधा एकच सूर ऐकू येतो : गाडी फार वेळ घेते, थांबे फार आहेत, ते कमी करून तिला सुपरफास्ट करून टाकावे. १० ऑगस्ट २०२५ रोजी पुणे आणि नागपुरातील अजनी यांच्यामध्ये वंदे भारत सुरू झाली आणि ८८१ किलोमीटरचे अंतर सुमारे १२ तासांत कापले जाऊ लागले, तेव्हापासून तर या सुरात एक प्रकारची तुच्छताही डोकावू लागली आहे. असल्या रखडत जाणाऱ्या गाडीचे आता काम काय, असे विचारणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत. त्यातल्या बहुतेकांनी या गाडीने कधी प्रवास केलेला नाही, हे ओघाने आलेच.

नोकरीच्या निमित्ताने कराड आणि अकोला या दोन गावांमध्ये मी बावीस वर्षे याच गाडीने ये-जा केली. आता निवृत्तीनंतरही वर्षातून दोन-तीन खेपा होतातच, कारण मुलीला अकोल्यात दिले आहे. या अनुभवावरून मला एवढेच मांडायचे आहे की, ही गाडी ज्या पट्टीने मोजली जाते ती पट्टीच तिला लागू पडत नाही. कोल्हापूर ते गोंदिया प्रवास किती तासांचा, हा प्रश्न फार थोड्या लोकांचा आहे. मिरजेहून नगरला, साताऱ्याहून भुसावळला, लोणंदहून शेगावला, चाळीसगावहून वर्ध्याला जाणाऱ्यांच्या आधारावर ही गाडी चालते आणि तिच्याविषयीचे सारे निर्णय, मग ते थांब्यांचे असोत, आरक्षणाच्या कोट्याचे असोत की वक्तशीरपणाच्या हिशेबाचे, या मधल्या प्रवाशाला समोर ठेवून व्हायला हवेत.

ज्यांना या गाडीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून ती दुपारी सुटते, मिरज, सांगली, कराड, सातारा करत रात्री पुण्याला पोचते, दौंडवरून उत्तरेला वळून अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड घेते, उजाडता उजाडता खानदेशात शिरते आणि मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, तुमसर असा दिवसभर विदर्भ ओलांडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला टेकते. हे अंतर सुमारे १,३४६ किलोमीटरचे आहे आणि त्याला साधारण २८ तास लागतात. एवढ्या वाटेत ती राज्याची हद्द एकदाही ओलांडत नाही. एकाच राज्याच्या आत सर्वांत लांब पल्ला धावणारी गाडी म्हणून ती ओळखली जाते. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर, नाशिक, जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती, वर्धा, नागपूर, भंडारा आणि गोंदिया अशा १४ जिल्ह्यांतून ती जाते. नाव महाराष्ट्राचे असले तरी मराठवाडा आणि कोकण यांच्या वाट्याला ती येत नाही, हेही जाता जाता नोंदवतो. तिकडच्या वाचकांनी याबद्दल रागावण्याचा अधिकार राखून ठेवावा.

हा रस्ता काही कोणी एका दमात आखलेला नाही. भुसावळकडून नागपूरला रूळ पोचले ते १८६७ मध्ये, दौंड-मनमाड मार्ग झाला १८७८ मध्ये आणि मिरज-कोल्हापूर हा तुकडा कोल्हापूर संस्थानाने बांधून १८९१ मध्ये सुरू केला. पुण्याहून मिरजेकडे जाणारा मार्ग मीटरगेज होता. त्यामुळे दक्षिणेकडून आलेला प्रवासी पुण्यात वळकटी खांद्यावर टाकून उतरत असे आणि दुसऱ्या गाडीत जागा शोधत असे. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा कुठे कोल्हापूरचा डबा पुण्यापलीकडे जाणे शक्य झाले. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी टाकलेले हे रूळ एका गाडीने एकत्र ओवले. त्यामुळे वाट वेडीवाकडी आहे, हे खरेच. पण या वेड्यावाकड्या वाटेमुळेच जी गावे एरवी एकमेकांना कधी जोडली गेली नसती ती या गाडीने जोडली.

गेल्या खेपेचीच गोष्ट सांगतो. संध्याकाळी कराडला मी माझ्या बर्थवर बसलो तेव्हा समोरच्या खालच्या बर्थवर मिरजेहून बसलेल्या एक आजी होत्या. डोळ्याचे ऑपरेशन करून घेऊन पुण्याला मुलाकडे चालल्या होत्या, डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि साताऱ्याचे स्टेशन आले का, हे त्या दर दहा मिनिटांनी विचारत होत्या. पुण्यात त्या उतरल्या आणि स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तके भरलेली बॅग उशाला घेऊन एक मुलगा त्याच जागी आडवा झाला. त्याने तोंडावरून घेतलेली चादर जळगाव येईपर्यंत काढली नाही. जळगावला तो उतरला तोच एक वयस्क जोडपे चढले. त्यातल्या गृहस्थांनी खांद्यावरच्या उपरण्याने बर्थ नीट पुसून घेतली, बायकोला खिडकीशी बसवले आणि शेगाव येईपर्यंत दोघेही पोथी वाचत राहिले. शेगावला ते हात जोडून उतरले आणि वर्ध्याला जाणारी नर्सिंगची एक विद्यार्थिनी तिथे येऊन बसली. पाऊण तासाने मी अकोल्याला उतरलो, म्हणून पुढचे मला ठाऊक नाही. एक बर्थ आणि कराड ते अकोला एवढ्या प्रवासात तिचे चार मालक. यांच्यापैकी कोणालाही कोल्हापूर कधी सुटले आणि गोंदिया कधी येणार याच्याशी देणेघेणे नव्हते.

या मार्गावरची माणसे कोण, हे पाहिले की ही गाडी कशी भरते ते कळते. सातारा-सांगली-कोल्हापूर या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात जातात. आणि पुणे, अहिल्यानगर, पुलगाव, कामठी ही लष्करी ठाणी याच वाटेवर लागतात. सुट्टीवर निघालेल्या जवानाची काळी ट्रंक ही या गाडीतली नित्याची वस्तू आहे. सरकारी नोकरीत इकडून तिकडे बदली झालेले शिक्षक, कृषी खात्यातले आणि बँकांतले कर्मचारी आहेत. मिरज आणि सेवाग्राम या दोन्ही टोकांना रुग्णालयांची जुनी परंपरा आहे, त्यामुळे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दोन्ही दिशांना असतात. शेगावला जाणाऱ्यांची संख्या तर गुरुवार, एकादशी, प्रकटदिन यांप्रमाणे कमी-जास्त होते आणि ती पंचांगात पाहून सांगता येईल इतकी ठरलेली आहे. पुण्याला शिकणारी खानदेश-विदर्भाची मुले हा आणखी एक मोठा वर्ग. समृद्धी महामार्ग झाला, खासगी ट्रॅव्हल्सच्या गाड्या वाढल्या, तरी त्या बहुतांशी मोठ्या शहरांना मोठ्या शहरांशी जोडतात. मूर्तिजापूरच्या माणसाला लोणंदला जायचे असेल तर त्याला आजही ही गाडीच आठवते.

आता सुपरफास्टच्या मागणीचा हिशेब मांडून पाहू. ब्रॉडगेजवर ताशी सरासरी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेग असलेली गाडी सुपरफास्ट धरली जाते. १,३४६ किलोमीटर या वेगाने कापायचे तर साडेचोवीस तास लागतील, म्हणजे आजच्या वेळातून साडेतीन तास काढावे लागतील. लहान स्थानकावरचा थांबा वेळापत्रकात दोन मिनिटांचा दिसतो. पण गाडीचा वेग उतरवण्यात आणि पुन्हा चढवण्यात जाणारा वेळ धरला तर एकेक थांबा पाच-सहा मिनिटे खातो. नुसते थांबे कापून साडेतीन तास मिळवायचे ठरवले तर ३५ ते ४२ थांबे कापावे लागतील. किर्लोस्करवाडी, लोणंद, बेलापूर, पाचोरा, मलकापूर, मूर्तिजापूर, धामणगाव, तुमसर रोड यांपैकी कोणाच्या नावावर काट मारायची, हे मागणी करणाऱ्यांनी एकदा लिहून द्यावे. (बेलापूर म्हणजे नवी मुंबईतले नव्हे. श्रीरामपूर शहराच्या स्थानकाचे नाव बेलापूर आहे आणि त्यावरून नवख्या प्रवाशांची फजिती आजही होते.) इतके करून प्रवाशाच्या पदरात काय पडणार, तर स्लीपरच्या तिकिटावर ३० रुपयांचा सुपरफास्ट अधिभार. तो देणारा प्रवासी मात्र गाडीत उरलेला असायला हवा.

वेग वाढू नये असे माझे म्हणणे नाही. पुणे-कोल्हापूर मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे, दुहेरीकरणाची कामे टप्प्याटप्प्याने मार्गी लागली आहेत, दौंड-मनमाड मार्गावरही दुसरी लाइन टाकली जात आहे. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी आडस्टेशनावर थांबून राहणे, ज्याला आम्ही ‘क्रॉसिंगला पडणे’ म्हणतो, त्यात पूर्वी जो वेळ जात असे तो या कामांमुळे वाचायला हवा. कोणत्याही थांब्याला हात न लावता जी मिनिटे अशी सुटतील ती आधी वेळापत्रकात उतरवावीत. थांब्याला दोन मिनिटे लागतात आणि क्रॉसिंगला वीस, हे ज्याने गाडीच्या दारात उभे राहून पाहिले आहे त्याला थांब्यांचा राग येत नाही.

पैशाच्या दृष्टीनेही मधला प्रवासी तोट्याचा नाही, उलट फायद्याचा आहे. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे दर किलोमीटरला कमी होत जाते. शिवाय स्लीपरसाठी किमान २०० किलोमीटरचे भाडे आकारले जाते, मग प्रवास त्याहून कमी असला तरी. एकच माणूस एका बर्थवर टोकापासून टोकापर्यंत गेला तर त्याच्याकडून एक सलग, म्हणजे सवलतीचे भाडे मिळते आणि आरक्षणाचे २० रुपये एकदाच मिळतात. तीच बर्थ तुकड्यातुकड्याने चौघांना विकली तर चारही तुकड्यांचे भाडे चढ्या दराने आणि आरक्षण शुल्क चार वेळा मिळते. माझ्या समोरच्या त्या बर्थने एका रात्रीत रेल्वेला किती मिळवून दिले असेल, हे मी वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिले होते. नुसत्या आरक्षण शुल्काचेच ८० रुपये झाले. थांबा ‘परवडत नाही’ असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा त्या स्थानकावर खपलेल्या तिकिटांचा आकडा पाहिला जातो. पण त्या स्थानकावर उतरणाऱ्यांची तिकिटे दुसऱ्या गावी काढलेली असतात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आकडे कसे फसवतात याचे याहून मोठे उदाहरण आरक्षणाच्या कोट्यात आहे, आणि हा मुद्दा मला जरा विस्ताराने मांडू द्यावा. प्रतीक्षा यादी एकच नसते. गाडी सुटते त्या स्थानकावरून किंवा त्याच्या जवळपासच्या स्थानकांवरून शेवटापर्यंत जाणाऱ्यांना जनरल वेटिंग म्हणजे जीएनडब्ल्यूएल मिळते. मधल्या काही महत्त्वाच्या गावांना रिमोट लोकेशनचा, म्हणजे आरएलडब्ल्यूएलचा, वेगळा तुटपुंजा कोटा असतो. आणि मधूनच चढून मधेच उतरणाऱ्या बाकीच्या साऱ्यांना पूल्ड कोट्यात, म्हणजे पीक्यूडब्ल्यूएलमध्ये ढकलले जाते. रेल्वेने नेहमी प्रवास करणाऱ्या कोणालाही विचारा, जनरल वेटिंगचे पन्नास निघतात तिथे पूल्डचे सात-आठही निघत नाहीत. म्हणजे ज्या गाडीचा मुख्य प्रवासी मधला आहे त्या गाडीत त्याच प्रवाशाला सर्वांत शेवटच्या रांगेत उभे केले जाते.

यावर लोकांनी आपला उपाय केव्हाच शोधला आहे. कराडच्या माणसाला कराडहून बर्थ मिळत नसेल तर तो कोल्हापूरहून तिकीट काढतो आणि बोर्डिंग पॉइंट कराड टाकतो. अकोल्याला उतरायचे असले तरी नागपूरचे किंवा गोंदियाचे तिकीट घेतो. शे-दोनशे रुपये जास्त जातात, पण बर्थ पक्की होते. मी स्वतः कित्येकदा असे केले आहे आणि त्यात बेकायदा काही नाही. परिणाम असा होतो की कोल्हापूर ते कराड ती बर्थ रिकामी जाते, अकोल्यापासून पुढेही रिकामी जाते आणि त्याच वेळी मिरजेच्या प्रवाशाच्या मोबाइलवर ‘वेटिंग’ दिसत राहते. याहून वाईट म्हणजे रेल्वेच्या संगणकात कोल्हापूर ते गोंदिया जाणारा एक प्रवासी नोंदवला जातो, जो प्रत्यक्षात नव्हताच. असे शेकडो कागदी प्रवासी जमा झाले की कोणीतरी अहवालात लिहिणार की, या गाडीला टोकाचा प्रवासी भरपूर आहे, सबब मधले थांबे कमी करण्यास हरकत नाही.

हा गुंता सोडवणे अवघड आहे असे मला वाटत नाही. आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, तिकीट तपासनिसांच्या हातात कागदी चार्टऐवजी यंत्रे आली आहेत आणि कोणती बर्थ कोणत्या स्थानकापर्यंत भरली आहे हे क्षणात कळते. अशा वेळी या गाडीपुरता पूल्ड कोटा मोठा करावा, पुणे, भुसावळ आणि नागपूर या तीन ठिकाणी मोकळ्या होणाऱ्या बर्थ त्या-त्या ठिकाणच्या कोट्यात आधीच धराव्यात, आणि त्यातून काही उरले तर ते शेवटच्या दिवशी टोकाच्या प्रवाशाला द्यावे. आज नेमके याच्या उलट होते. या बदलाला नवे रूळ लागत नाहीत आणि नवे डबेही लागत नाहीत.

दुसरा मुद्दा वक्तशीरपणाचा. गाडी वेळेवर आली की नाही हे आपल्याकडे शेवटच्या स्थानकावर ठरते. वेळापत्रक करणारे अनुभवी लोक असतात, त्यामुळे वाटेत होणारा उशीर भरून निघावा म्हणून काही मिनिटे ठिकठिकाणी आणि विशेषतः शेवटच्या टप्प्यात पेरून ठेवलेली असतात. याला माझा आक्षेप नाही, कारण १,३४६ किलोमीटरच्या वाटेत कोठे ना कोठे काही घडणारच. पण याचा परिणाम असा की अकोल्याला दीड तास उशिरा आलेली गाडी शेवटच्या स्थानकावर वेळेत किंवा थोड्याच उशिराने पोचते आणि कागदावर तिचा दिवस चांगला गेलेला असतो. फलाटावर पहाटे साडेतीनपासून बसलेल्या कोपरगावच्या माणसाचा दिवस कसा गेला, हे त्या कागदात कोठेच येत नाही. ज्या गाडीचे बहुतेक प्रवासी शेवटच्या स्थानकाआधीच उतरतात तिचा वक्तशीरपणा शेवटच्या स्थानकावर मोजणे म्हणजे पंगत उठल्यावर वाढप्याला जेवण कसे होते ते विचारण्यासारखे आहे.

त्यात ही गाडी दोन झोनच्या आणि अनेक विभागांच्या हातांतून जाते. नागपूरपर्यंत मध्य रेल्वे आणि त्यापुढे गोंदियापर्यंत दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. गंमत म्हणजे दोन्हींच्या विभागाचे नाव नागपूरच आहे. प्रत्येक विभागाला आपल्या हद्दीतून गाडी वेळेत बाहेर काढण्याची चिंता असते आणि ती स्वाभाविक आहे. त्यामुळे मिरज, पुणे, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा आणि नागपूर अशा आठ ठिकाणची वेळ रोज मोजून महिन्याच्या महिन्याला प्रसिद्ध केली, तर उशीर नेमका कोठे होतो हे प्रवाशांना आणि अधिकाऱ्यांनाही दिसेल. गाडी आता कोठे आहे ते मोबाइलवर दिसते, म्हणजे माहिती रेल्वेजवळ आहेच. ती फक्त जमा करून फळ्यावर लावायची आहे.

एक बाब लहान वाटेल, पण म्हाताऱ्या माणसांना ती लहान नाही. कोल्हापूरकडून येणारी गाडी पुणे स्थानकात घोरपडीच्या बाजूने शिरते आणि दौंडकडे जाण्यासाठी पुन्हा त्याच बाजूने बाहेर पडते, म्हणजे पुण्यात तिचे तोंड फिरते. पूर्वी दौंडलाही इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, तेव्हा दोन फिरण्यांनी हिशेब पुन्हा मूळ पदावर येत असे. कॉर्ड लाइन, म्हणजे दौंड स्थानकात न शिरता गाडीला थेट वळवणारा जोडमार्ग, झाल्यावर दौंडचे फिरणे टाळता येऊ लागले, ही चांगलीच गोष्ट झाली, परंतु कराडला इंजिनाजवळ असणारा डबा अशा वेळी नगरला शेवटी येतो. ज्याच्या मनात ‘आपला डबा पुढे’ असे पक्के बसलेले आहे तो रात्री एक-दीड वाजता, दोन मिनिटांच्या थांब्यात, हातात पिशवी घेऊन अख्ख्या गाडीच्या लांबीएवढे अंतर पळतो. मोठ्या स्थानकांवर डब्यांचे क्रमांक दाखवणारे इंडिकेटर असतात. लहान स्थानकांवर ते नसतात आणि उद्घोषणा होते ती बहुधा गाडी फलाटात शिरत असताना. एका लहान स्थानकावर, त्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही, गाडीचे शेवटचे तीन डबे फलाटाबाहेर खडीवर उभे राहिलेले आणि एक गृहस्थ आईला कडेवर घेतल्यासारखे उचलून खाली उतरवत असलेले मी पाहिले आहेत. डब्यांचा क्रम खडूने फळ्यावर लिहायला खर्च येत नाही. फलाट वाढवायला येतो, पण तो एकदाच येतो.

जनरल डब्याविषयी लिहिण्यासारखे नवे काही नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. वातानुकूलित डब्यांना मागणी आहे हे मान्य, पण मधल्या प्रवाशातला मोठा भाग ऐनवेळी निघणारा असतो. मयताला, दवाखान्यात, बोलावणे आले म्हणून मुलाखतीला जाणारा माणूस ६० दिवस आधी तिकीट काढत नाही. त्याच्यासाठी जनरल आणि स्लीपर डब्यांची संख्या कमी होता कामा नये, एवढे जरी सांभाळले तरी पुष्कळ झाले.

कोल्हापूर आणि नागपूर यांना थेट जोडणारी जलद गाडी हवी, या मागणीत तथ्य नाही असे नाही. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला, अशा परिस्थितीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी माणसे असणारच आणि त्यांनी २८ तासांच्या गाडीत बसावे असे मी म्हणणार नाही. पुणे-कोल्हापूर वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून आहे, पुणे-अजनी ऑगस्ट २०२५ पासून. त्यांच्या वेळा एकमेकींशी जुळवून पाहाव्यात, नाहीतर वेगळी जलद गाडी द्यावी. पण वंदे भारतमध्ये बसून जायचे असते, भाडे वेगळे असते आणि थांबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. ती गाडी आली म्हणून या गाडीतली माणसे तिकडे गेली असे झालेले मला दिसत नाही. गेल्या महिन्यात अकोल्याहून परतताना माझ्या डब्यात मांडीला मांडी लावून माणसे बसली होती.

थांबा देताना ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असे शब्द वापरण्याची रेल्वेत पद्धत आहे. सहा महिने उत्पन्न पाहायचे आणि मग ठरवायचे. माझी विनंती अशी की, या गाडीचा एखादा थांबा काढायचा असेल तर तोही याच रीतीने, आधी सूचना देऊन, त्या स्थानकावर चढणारे आणि उतरणारे दोन्ही मोजून आणि ते आकडे तिथल्या फलाटावर लावून काढावा. प्रवासी सल्लागार समित्यांमध्ये बहुधा मोठ्या शहरांचे प्रतिनिधी असतात. नव्या वेळापत्रकाची चर्चा सुरू होईल तेव्हा त्यांनी पाचोरा, नांदुरा, धामणगाव, तुमसर येथल्या स्टेशन मास्तरांशी निदान एकदा बोलावे. त्यांच्या हद्दीत त्या दोन मिनिटांत कोण चढते आणि कोण उतरते, हे त्यांना चेहऱ्यांनिशी ठाऊक असते.

आपला विश्वासू,
महाराष्ट्र एक्स्प्रेसचा एक जुना प्रवासी,
कराड